वरून वार आला की

दापोडी, ९ जून २०२४

आरिफ, जय भीम.

तुझा हा मेलचा पत्ता तुझ्या अम्मींनी, खैरुन्निसाचाचींनी दिला. जहाजावर फोटो, व्हिडिओ काही पोचत नाही, नुसती अक्षरं पोचतात, असं त्या म्हणाल्या. मला तेवढी पुरेत.

काम सांगते, हसू नकोस. मला ‘समशेर’ नावाचा तलवारीचा गेम शिकायचाय. जिने आयुष्यात मोबाइलवर फक्त गोळ्या फोडल्या, ती पिंपरीच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या शिरा शोधणारी मिनल आता तलवार फिरवणार. कॅम्पातून जुना कन्सोल आणलाय. टीव्हीला जोडला तर आईची मालिका बंद, म्हणून घरात आधीच युद्ध पेटलंय.

तुझ्या धाकट्या भावाकडे, अजिमकडे, स्टेशनजवळच्या तुमच्या गेम पार्लरवर दोनदा जाऊन आले. तो शिकवत नाही, ओरडतो. “दीदी ये दबा, ये दबा, अरे मर गयी!” मला काय दाबलं तेच कळत नाही. तू एकेकाळचा दापोडीचा चॅम्पियन. बैजवार, पहिलीच्या पोराला सांगावं तसं लिहून कळव. मी कागदावर उतरवून टीव्हीखाली चिकटवीन.

खंडेनवमीला अप्पांच्या चाकणच्या कंपनीत मशीनपूजा असते, घरचे लोक बोलावतात, स्टेजवर याच गेमची स्पर्धा असते. तिथे मला एका माणसाला हरवायचंय. नुसतं हरवायचं नाही, सगळ्या प्लांटसमोर त्याची जिरवायची आहे. कोण आणि का, ते विचारू नकोस.

मिनल

*

जहाजावरून, १५ जून २०२४

मिने, सलाम.

हसलो. दोन मिनिटं हसलो, मग लिहायला घेतलं.

आधी कंट्रोलर घट्ट आवळायचा नाही. नवीन माणूस तो असा धरतो जणू कोणी हिसकावून नेणार आहे. सैल धर, अंगठे मोकळे राहू दे. उजव्या अंगठ्याखाली चार बटणं आहेत. चौकोन म्हणजे हलका वार. पटकन होतो, थोडंच लागतं, पण लागतो. त्रिकोण म्हणजे जड वार. तलवार डोक्यावरून फिरून खाली येते. बसला तर समोरचा अर्धा संपला, हुकला तर तू उघडी पडलीस. गोल म्हणजे डॉज, अंग चोरून बाजूला होणं. फुली म्हणजे उडी. तिला पहिला महिना हात लावू नकोस, नवशिके उड्या मारता मारताच मरतात.

डाव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली ब्लॉक. ते दाबून ठेवलंस की तुझी तलवार आडवी होते आणि वार अडतो. उजवीकडची छोटी काठी आत दाबलीस की तुझी नजर समोरच्यावर खिळून राहते. हे आधी करायचं, नाहीतर तू भिंतीला मारत बसशील आणि तो तुला मागून मारील. मी पहिल्या दिवशी एका झाडाला बराच वेळ मारलं होतं, अजिमला विचार.

स्क्रीनवर वर दोन पट्ट्या दिसतील. लाल म्हणजे जीव, हिरवी म्हणजे दम. सगळे लालकडे बघतात. तू हिरवीकडे बघ. प्रत्येक वाराला दम खर्च होतो, जड वाराला जास्तच. दम संपला की माणूस धापा टाकत उभा राहतो, त्याला ना मारता येतं ना अडवता. ज्याला हिरवी पट्टी वाचता येते तो जिंकतो, बाकीचे नुसती बटणं बडवतात.

आता पहिले पंधरा दिवस एकच काम. मारायचंच नाही. फक्त ब्लॉक आणि डॉज. तुझा स्वभाव बघता हे तुला सगळ्यात जड जाणार. चौथीत बाकावरून भांडण झालं तेव्हा तू आधी दप्तर फेकलं होतंस आणि मग कारण विचारलं होतंस.

आणि तू कारण विचारू नकोस म्हणालीस, म्हणून विचारत नाही. विचारायची गरजच नाही. मागच्या बंदरात वायफाय मिळालं, तेव्हा आमच्या मेसच्या ग्रुपवर कानपूरच्या एका पोराने स्टिकर टाकलं. क्रिकेटची मॅच हरल्यावर. निळा युनिफॉर्म, पांढऱ्या मिशा, दोन्ही हात वर, खाली लिहिलेलं, ‘शरण आलो भावा’. मी त्याला विचारलं, हा माणूस कोण आहे माहीत आहे का? म्हणाला, माणूस कुठला, स्टिकर आहे. तुझ्या अप्पांनी, खंडूकाकांनी मला सायकल शिकवली, मिने. माझ्या सीटला धरून ते पार हॅरिस ब्रिजपर्यंत पळालेत. त्या पोराशी मी दोन दिवस बोललो नाही.

ज्याने हे केलं त्याचं नाव कळव. शिकवतो तुला. असा शिकवतो की तो पुन्हा कंट्रोलरला हात लावणार नाही.

आरिफ

*

दापोडी, २ जुलै २०२४

आरिफ, जय भीम.

तुझा मेल वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. म्हणजे ते तिथपर्यंत पोचलंय. समुद्रावरसुद्धा.

आता सगळं सांगते. त्याचं नाव रविराज. प्रेसशॉपचा शिफ्ट इंजिनियर, रावेतला राहतो, अप्पांच्या निम्म्या वयाचा. माइक हातात आला की त्याला आवरत नाही. मागच्या खंडेनवमीला पूजा झाली. अप्पा पूजेला हात जोडत नाहीत हे तुला ठाऊक आहे, पण आपलं मशीन आदल्या दिवशी ते स्वतः पुसतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. मग स्टेजवर मोठ्या पडद्यावर हा गेम सुरू झाला. रविराज म्हणाला, “आता आपल्या प्रेसशॉपचे सगळ्यात जुने योद्धे, खंडूअण्णा!” अप्पा नको नको म्हणत असताना पोरांनी त्यांना ढकलत वर नेलं.

आता ऐक. अप्पा उमेदवारीला लागले तेव्हा पत्रा कापायचे प्रेस पायाने चालायचे. पत्र्याचा तुकडा आत ठेवायचा, दोन्ही हात वर ओढून घ्यायचे, मग पेडल दाबायचं. वरून सगळा भार खाली येतो. हात आत राहिला तर गेला. इतक्या वर्षांत ते अंगात मुरलंय. वरून काहीही खाली येताना दिसलं की त्यांचे हात आपोआप वर जातात. घरात माळ्यावरचा डबा घसरला तरी पकडायला जात नाहीत, हात वर करतात.

पडद्यावर रविराजच्या माणसाने जड वार केला. तोच तुझा त्रिकोण. तलवार वरून खाली आली. अप्पांनी कंट्रोलर सोडला आणि दोन्ही हात वर केले. कंट्रोलर खाली पडला. लोक हसले. तो उचलून पुन्हा हातात दिला, पुन्हा वार, पुन्हा हात वर. रविराज माइकवर, “अण्णा शरण आले हो! लढाईआधीच शरण!” त्याने ते पाच-सहा वेळा करायला लावलं. अप्पा कसंनुसं हसत होते. ते हसू मला अजून दिसतं.

संध्याकाळपर्यंत स्टिकर झालं होतं.

तरी ते कामावर जात राहिले. खाली मान घालून, पण जात होते. मग फेब्रुवारीपासून घरी बसलेत. बीपी वाढलंय म्हणतात, रजा शिल्लक आहे म्हणतात. डिसेंबरअखेर रिटायर होणार. त्यांच्याकडे रीत आहे, शेवटच्या दिवशी हार घालून, ढोल लावून माणसाला गेटबाहेर आणतात. अप्पा म्हणाले, “मला न्हाई जायाचं. पोस्टानं पाठवा म्हणावं काय ते कागद.” चहाच्या टपरीवर जात नाहीत, विहारात जात नाहीत. आई रात्री त्यांच्या जेवणाकडे बघत बसते.

मला फक्त एवढंच हवंय की त्या गेटातून ते ताठ मानेने बाहेर यावेत. आणि त्याआधी रविराजची मान खाली गेलेली मला बघायची आहे.

ब्लॉक जमायला लागलाय. डॉज करताना मी स्वतःच सोफ्यावरून बाजूला होते.

मिनल

*

जहाजावरून, २० जुलै २०२४

मिनल,

इंजिनरूममध्ये काम करताना तुझा मेल डोक्यात फिरत होता. एक नट जास्तच आवळला गेला.

आता खरं शस्त्र देतो. त्याचं नाव पॅरी. ब्लॉक म्हणजे बटण दाबून ठेवणं. पॅरी म्हणजे वार लागणार त्याच क्षणी तेच बटण टिचकी मारल्यासारखं दाबणं. वेळ साधली तर ठिणगी उडते, त्याची तलवार मागे फेकली जाते, तो डगमगतो आणि त्याची हिरवी पट्टी खळ्ळकन रिकामी होते. लवकर दाबलंस तर नुसता ब्लॉक, उशिरा दाबलंस तर मेलीस. तलवारीकडे बघू नकोस, ती डोळ्याला फसवते. त्याच्या खांद्याकडे बघ. खांदा मागे गेला की मनात एक शब्द म्हणायचा आणि दाबायचं. कोणता शब्द ते तू ठरव. मी ‘बिस्मिल्ला’ म्हणायचो. तू शीर शोधताना सुई कधी घालायची ते बोटाला कळतं ना, तसंच हे.

तू पाठवलेलं वर्णन वाचलं. हा रविराज त्रिकोणवाला आहे. दाखवण्यासाठी खेळणारे सगळे त्रिकोणवाले असतात, कारण वरून येणारा वार पडद्यावर झकास दिसतो आणि पब्लिक ओरडतं. चांगलं आहे. असल्या माणसाला मारायची गरजच नसते. त्याला मारू द्यायचं. कंपनीच्या स्पर्धेचे जुने व्हिडिओ तुझ्याकडे असतील, त्यात तो दमल्यावर काय करतो ते बघ.

आणि एक सांगतो. शेवटचा वार लगेच करू नकोस. त्याचा दम संपेल, तो धापा टाकत उभा राहील, तेव्हा त्याच्याभोवती एक फेरी मार. सगळ्यांना नीट बघू दे. मग हलक्या वाराने संपव, सगळ्यात साध्या चौकोनाने. जड वाराने मेला तर लढून मेल्यासारखं दिसेल, आणि तो मान मला त्याला द्यायचा नाहीये.

आरिफ

*

दापोडी, १ सप्टेंबर २०२४

आरिफ, जय भीम.

काल अजिमला हरवलं. सलग तीनदा. तिसऱ्यांदा त्याने कंट्रोलर बदलून मागितला. चाची दारातून बघत होत्या, म्हणाल्या, “माझ्या घराची अब्रू घालवलीस गं,” आणि शिरखुर्मा दिला.

माझा शब्द सापडला. खांदा मागे गेला की मी मनात ‘अप्पा’ म्हणते. बरोबर वेळ साधते.

रविराजचे व्हिडिओ इतक्यांदा पाहिलेत की झोपेत दिसतात. तो दोन हलके वार करतो, तिसरा जड, आणि जड मारला की पब्लिककडे बघून हसतो. दमला की मागे पळतो. कायम डावीकडे.

स्पर्धेला कामगारांच्या घरच्यांना भाग घेता येतो. नाव दिलं. यादी त्याच्याकडेच असते. त्याचा मेसेज आला, “ओहो, खंडूअण्णांची मुलगी! ताई, सांभाळून हं.” खाली तेच स्टिकर. माझ्या बापाचं स्टिकर मला पाठवतो! मी उत्तर दिलं, “जो हरेल त्याने स्टेजवर दोन्ही हात वर करायचे. सगळ्यांनी फोटो काढायचा.” तो म्हणाला, “डन!”

त्याचं स्टिकर मी स्वतः बनवणार आहे. खाली काय लिहायचं तेही ठरलंय.

मिनल

*

जहाजावरून, ८ सप्टेंबर २०२४

मिने,

वा! मी इथे डेकवर एकटाच नाचलो. कानपूरवाल्या पोराला सगळं सांगितलं. त्याने ते स्टिकर पुसून टाकलं आणि तुझं आलं की पहिलं मीच टाकणार म्हणाला.

खंडूकाकांना सांगितलंस का? त्या दिवशी त्यांना बरोबर ने. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं.

आरिफ

*

दापोडी, ६ ऑक्टोबर २०२४

आरिफ,

तुझं ऐकून अप्पांना सांगितलं. मला वाटलं खूश होतील. पैज ऐकली आणि त्यांनी पुढचं ताट सरकवलं.

म्हणाले, “परत हातांवरच हसवनार व्हय लोकांना?”

मी म्हटलं, अप्पा, त्याच्या हातांवर हसतील, तुमच्या नाही. तर म्हणाले, “हात कुनाचे का असंनात. मिने, तुला काय वाटतं, लोक हसले म्हनून मी घरी बसलोय? लोक मला जल्मभर हसलेत. त्यानं मी कधी खाडा केला न्हाई.”

मग जे सांगितलं ते तुला जसंच्या तसं लिहिते.

प्रेसशॉपच्या कोपऱ्यात पेडलचा एक जुना प्रेस अजून चालतो. त्यावर गणराज नावाचा जुन्नरकडचा ऑपरेटर आहे. लग्न ठरलेलं. त्याला अप्पांनीच शिकवलं, तुकडा ठेव, हात वर, मग पाय. स्टिकर आल्यापासून शॉपमध्ये कोणी हात वर केले की बाकीचे ओरडायचे, “शरण! शरण!” रविराज स्वतः जाता-येता ओरडायचा. पोरांना लाज वाटायला लागली. हात छातीपर्यंत आणायचे, मग पोटापर्यंत, मग मशीनच्या कडेलाच ठेवायचे. अप्पा सांगून थकले. फेब्रुवारीत गणराजची उजव्या हाताची दोन बोटं गेली. अप्पा शेजारच्याच मशीनवर होते. कंपनीने कागदावर लिहिलं, ऑपरेटरचा निष्काळजीपणा.

अप्पा म्हणाले, “मी शिकीवलं त्ये खरं व्हतं. पर माझ्याच फोटूनं त्ये खोटं पाडलं. कुठल्या तोंडानं त्या शॉपात उभा ऱ्हाऊ?”

आणि मी काय करायला निघाले होते, तर आणखी एक स्टिकर. हात वर म्हणजे हार, हेच पुन्हा सगळ्यांच्या डोक्यात घालायला. आठ महिने ते माझ्या समोर बसून होते आणि मला वाटत राहिलं की ते रुसलेत.

आज चाकणला गणराजच्या खोलीवर जाऊन आले. त्याने डाव्या हाताने चहा दिला. मी विचारलं, तुझं नाव घेतलं तर चालेल का? म्हणाला, “घ्या ताई. कोणीतरी घ्यायलाच पाहिजे होतं.”

राग कमी झालाय असं समजू नकोस. इतके दिवस मला वाटत होतं की हा माणूस फक्त माझ्या बापाला हसला. आता तो मला दुप्पट हवाय.

मिनल

*

जहाजावरून, ९ ऑक्टोबर २०२४

मिनल,

तीनदा वाचलं. इथे आम्हीही यंत्रांतच हात घालतो.

मी तुला फेरी मारायला सांगितलं होतं, सगळ्यांना बघू दे म्हणालो होतो. ते विसर. तुला जे करायचंय ते माझ्या गाइडमध्ये नाही. फक्त जिंक. हरलेल्याचं कोणी ऐकत नाही, म्हणून जिंक. हिरव्या पट्टीकडे बघ.

आरिफ

*

दापोडी, १३ ऑक्टोबर २०२४

आरिफ, जय भीम.

जिंकले.

पहिली फेरी हरले, तीही वाईट. तो समोर उभा राहून हसला आणि मी तुझं सगळं विसरून चौकोन बडवत सुटले. दम संपला, त्याने वरून एक घातला, खलास. पब्लिक ओरडलं. कोणीतरी मागून “शरण!” म्हणालं.

दुसऱ्या फेरीत मी हात सैल सोडले. त्याने दोन हलके मारले, मी अडवले. खांदा मागे गेला. अप्पा. ठिणगी उडाली. मी मारलं नाही, उभी राहिले. पुन्हा दोन हलके, पुन्हा खांदा, पुन्हा ठिणगी. त्याची हिरवी पट्टी रिकामी झाली आणि तो पळाला, डावीकडे, मी आधीच तिथे होते. तिसऱ्या फेरीत त्याचं हसणं बंद झालं होतं. घाम पुसायला त्याने कंट्रोलरवरचा एक हात काढला. शेवटी त्याचा माणूस धापा टाकत उभा होता आणि मी साध्या चौकोनाने त्याला संपवलं. खोटं कशाला बोलू, फार गोड वाटलं.

तो खिलाडूपणा दाखवत उठला. “हरलो ताई! शब्द म्हणजे शब्द!” सगळ्यांनी मोबाइल वर धरले. तो हसत हसत हात वर करायला लागला.

मी माइक ओढून घेतला आणि म्हणाले, “हात खाली घे.”

त्याला कळेना. मी पुन्हा म्हणाले, “खाली घे. तुला हात वर करायचा मान नाही. तो प्रेसशॉपचा आहे. वरून वार येतो तेव्हा हात वर असले तर माणूस दहा बोटं घेऊन घरी जातो. माझे अप्पा जन्मभर दहा बोटं घेऊन घरी आले. तू त्याला शरण म्हणालास. तुझ्या स्टिकरनंतर तुझ्याच शॉपमध्ये हात वर करायची लाज वाटायला लागली. गणराजला वाटली. त्याची आठ राहिली आहेत. तो मागे बसलाय. जा, त्याच्यापुढे म्हण शरण.”

मध्येच कोणीतरी माइक बंद केला. पण माझा आवाज तुला माहीत आहे. शेवटच्या रांगेपर्यंत गेला. पुढच्या खुर्च्यांवरचे साहेब उठून एकमेकांच्या कानाला लागले. रविराजला आपले हात कुठे ठेवावेत तेच कळत नव्हतं. खिशात घातले, बाहेर काढले, मागे बांधले. तो तसाच स्टेजवरून उतरला आणि मागच्या रांगेकडे न जाता सरळ पार्किंगकडे गेला. एकानेही फोटो काढला नाही.

टाळ्या फार झाल्या नाहीत. गणराज तेवढा डाव्या हाताने मांडीवर थापा मारत होता.

घरी येऊन अप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि दिवा मालवला. काल दसऱ्याला आम्ही देहूरोडच्या विहारात निघालो, तेव्हाही आले नाहीत. मला वाटलं, संपलं, एवढं करून काही उपयोग झाला नाही.

आज दुपारी दार वाजलं. रविराज. हातात मिठाईचा बॉक्स, चेहरा उतरलेला. सोमवारी त्याला वरच्या साहेबांनी बोलावलंय म्हणे. अप्पा दारात गेले. मी मागे उभी होते.

तो म्हणाला, “अण्णा, चूक झाली. माफ करा.”

अप्पांनी विचारलं, “गणराजकडं जाऊन आलास?”

“नाही, म्हटलं आधी तुमच्याकडे...”

“माझी धा हायेत,” अप्पा म्हणाले. “मग हितं कशाला आलास?”

आणि दार लावलं. त्याच्या तोंडावर, कडी घालून. तो बराच वेळ बाहेर उभा होता, पायऱ्या उतरल्याचा आवाज उशिरा आला. अप्पा तेवढा वेळ कडीला हात लावून थांबले होते.

मग आत वळले आणि आईला म्हणाले, “प्रभे, उद्या डबा कर. फर्स्ट शिफ्ट हाय.”

मिनल